पांजरपोळातला चांद्या कापसाच्या गाडीले

मंडळी, आज अमरावतीच्या कापूसबाजारात आमचा लंगडा बैल चांद्या दिसला. पोळ्यानंतर त्याले लंगड्या-म्हाताऱ्या जनावरायच्या पांजरपोळात ठेवला होता. दर बाजारी त्याच्यासाठी सरकी देऊन राहिलो. अन् आज तो गाडीले जुंपलेला! मले पाहून जागीच थांबला.

तिकडं अमेरिकेत लढाई, तिथला कापूस बंद, म्हणून इकडं कापसाले सोन्याचा भाव. गाडीले बैल भेटत नाही.

गाडीसंगं आलेल्या पांजरपोळाच्या मुनीमजीले विचारलं, "काहून जुंपला?"

"पाय बरा झाला, पाटील. जरा चालवून पाहून राहिलो."

"कापूस भरून?"

मुनीमजीनं हसून गाडीवाल्याले पुढं हाकाले सांगितलं.

मी तसाच पांजरपोळात गेलो. उठू न शकणारे बैल तेवढे तिथं होते, बाकीचे सारे गाड्यायले. त्यायच्या गव्हाणीत नुसतं भुशाचं कुटार, सरकीचा दाणा नाही.

तुमी बी तिथंच सरकी देता ना? मंग एकदा जाऊन पाहा, कोणाच्या पुढ्यात पडते.