नवसाच्या वाती
वात विझल्याचा वास आला, की कापसाला सोन्याचा भाव आलेलं ते वर्ष आठवतं. सातासमुद्रापार कुठं लढाई पेटली होती आणि आमच्या वऱ्हाडात लोक गाद्या-उशा उसवून कापूस विकत होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, वैद्यानं हात टेकले होते. त्यांना मरणाचं भय नव्हतं. देवापुढे लाख वाती लावायचा नवस अर्धा राहील, ही धास्ती होती. सरकी काढलेला शेवटचा कापूस अमरावतीच्या बाजाराला निघाला, तेव्हा सासऱ्यांपुढे कधी तोंड न उघडणारी मी पदर खोचून बैलांपुढे उभी राहिले. सासरे ओरडले, "काहून आडवी येऊन राहिली? शेजारणीच्या वाती आणून देतो तिले!" "नाही मामाजी, नवस त्याइचा हाये, वातीबी त्याइच्याच हातच्या पाह्यजेत," म्हणत मी गाडीतून ओंजळभर कापूस उपसलाच. सासूबाईंची बोटं थरथरत होती, म्हणून त्यांच्या हाताखाली मी माझा हात धरला. पहिली वात वळली आणि किती दिवसांनी त्या बोलल्या, "पेज आण वं, भूक लागली मले." आता माझीच बोटं वाकडी झालीत. सून मायेनं वाती वळून आणते. मी त्या उलगडते आणि पुन्हा वळायला घेते.