इंग्रजीच्या तासाला माझा बाप

"उभी राहा," सर म्हणाले. मी उभी राहिले.

आठवीचा वर्ग. इंग्रजीचा तास. सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं आणि शेवटच्या शब्दाची जागा मोकळी सोडली होती. माय फादर इज अ. पुढं ज्यानं त्यानं आपापला बाप भरायचा. फार्मर म्हणणारी पोरं जास्त. मध्येच एखादा टीचर, एक टेलर. माझ्या शेजारची सुमन फार्मर म्हणाली आणि खाली बसली. माझी पाळी आली.

शब्द मी तयार ठेवला होता. आदल्या दिवशी सरांनीच धंद्यांचे शब्द शिकवले होते.

"माय फादर इज अ लेबरर."

दुष्काळ होता. पारनेरच्या वाटेवर सरकारी काम निघालं होतं. माझे आईबाप तिथं खडी फोडत होते. गावातले निम्मे लोक तिथंच होते. फार्मर म्हणालेल्या पोरांचे बापसुद्धा.

सर खुर्चीत रेलले. "लेबरर नव्हे. पाऊस पडला की खडी संपेल. तुमचा मूळचा धंदा सांग."

मी फळ्यावरच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले.

"गावातली मेलेली ढोरं कोण ओढतं?"

कुणीतरी नाक दाबलं. मग सगळा वर्ग हसला.

माझ्या बापानं ते काम सोडलं होतं. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हाच सोडलं होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. गावानं दळण बंद केलं, पाणी बंद केलं. एका बड्या घरचा बैल मेला, बाप गेला नाही. चौघांनी त्याला चावडीपुढं मारलं. तरी गेला नाही. सर आमच्याच गावचे. त्यांना सगळं माहीत होतं.

सर उठले. फळ्यावर शब्द लिहिला. स्कॅव्हेंजर.

"घाण उपसणारा, मेलेलं उचलणारा," सरांनी अर्थ सांगितला. "गिधाडालासुद्धा इंग्रजीत हाच शब्द चालतो. म्हणा सगळे. हर फादर इज अ स्कॅव्हेंजर."

वर्ग म्हणाला. उच्चार अवघड, नीट जमला नाही. सरांनी पुन्हा म्हणून घेतलं. पुन्हा. सुमनही म्हणत होती. आम्ही दोघी रोज एकाच चिंचेखाली भाकरी खायचो, हातभर अंतर ठेवून. तिचा उच्चार सगळ्यात चांगला आला. सर तिला "शाब्बास" म्हणाले.

मी उभीच. मला कुणी बस म्हटलं नाही.

घरी सांगितलं नाही. कसं सांगणार? बापाला माझ्या इंग्रजीचं लई वेड. त्याला स्वतःला सही येत नव्हती. मी धडा वाचायला लागले की तो भिंतीला टेकून ऐकत बसायचा. एक शब्द कळायचा नाही. पण मध्ये कुणी बोललं तर डोळे मोठे करायचा.

पुढं काही दिवसांनी तो दिवेलागणीला कामावरून आला. डोक्याचं फडकं सोडता सोडता हसत होता.

"तुझ्या शाळंची पोरं भेटली वाटंला," तो म्हणाला. "मला बघून विंग्रजीत वरडत हुती. स्क्याविंजर, स्क्याविंजर. मी बी हात वर केला त्येंला. काय गं म्हनत्यात त्याला?"

आई चुलीपुढं होती. तिनंही मान वळवली. तिलाही ऐकायचं होतं.

मी सांगितलं. वर्गात काय झालं ते आणि शब्दाचा अर्थ. गिधाडाचंही सांगितलं.

बाप खाली बसला. फडकं हातातच. म्हणाला, "मी हात वर केला गं त्येंला."

एवढंच. आईनं वाढलेली भाकरी तिनंच उचलून टोपल्यात ठेवली. कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी उजळणी घेतली. माझ्याजवळ येऊन थांबले. "वाक्य पूर्ण कर."

"मी म्हणणार नाही."

"काय?"

"माझा बाप खडी फोडतो. तुमचा शब्द खोटा आहे."

छडी मोडेपर्यंत मारलं. मग वर्गाबाहेर काढलं. बापाला घेऊन ये, तोवर पाऊल टाकायचं नाही, असं हेडमास्तरांनी सांगितलं.

बाप कामाचा खाडा करून आला. धुतलेला सदरा घालून. हेडमास्तरांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत सर खुर्चीवर बसलेले.

"मुलगी उर्मट आहे," हेडमास्तर म्हणाले. "सरांची माफी मागायची, नाहीतर दाखला घेऊन जायचं."

मी बापाकडं पाहिलं. चावडीपुढं मार खाऊनही न वाकलेला माझा बाप. वाटलं, आता हा बोलेल.

बापानं हात जोडले. कमरेतून वाकला.

"लेकराचं चुकलं, सायेब. पोटात घाला. शिकू द्या तिला."

वर्गात हसले तेव्हा मी रडले नव्हते. छडी मोडली तेव्हाही नाही. इथं माझं काळीज फाटलं. स्वतःच्या जिवासाठी हा माणूस कुणापुढं वाकला नव्हता. माझ्या इंग्रजीसाठी वाकला. आणि समोर सर पायावर पाय टाकून बघत होते.

"बा, हात खाली घे," मी म्हणाले. "माझं चुकलं न्हाई. तुझं बी न्हाई."

तो हात खाली घेईना. मी दोन्ही हातांनी ओढून ते खाली घेतले. खडीनं सोलपटलेले हात.

दाखला मिळाला. घरी जाताना बाप पुढं, मी मागं. वस्ती जवळ आल्यावर वळून न बघता बोलला, "तुझ्यापायी जोडले हुते. ते बी तू वाया घालवलंस."

मी दाखला घडी घालून दप्तरात ठेवला.

वर्षाचे उरलेले महिने मी त्याच्या शेजारी बसून खडी फोडली. पुढच्या जूनमध्ये मावशीकडं भिंगारला गेले, तिथल्या शाळेत नाव घातलं, मॅट्रिक झाले. इंग्रजीत पास झाले. ते कळायला बाप राहिला नव्हता. आधीच्या उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला. पुन्हा कधी त्यानं माझा धडा ऐकला नाही. सुट्टीत घरी आले, पुस्तक उघडलं, की उठून बाहेर जायचा.

आता सांगायचं कारण असं. गेल्या महिन्यात सुमन माझ्या घरी आली. सरांचा सत्कार ठरलाय. जुने विद्यार्थी जमणार आहेत.

"लहान हुतो गं आपन," ती म्हणाली. "सर बी थकल्यात आता. सोडून दे. चार चांगले शब्द बोल."

मी तिला चहा दिला. म्हणाले, "येईन. पण चांगले शब्द बोलणार नाही. त्या तासाला काय झालं, ते बापाचं नाव घेऊन सांगेन. तू काय म्हणत होतीस तेही सांगेन."

ती चहा अर्धा ठेवून गेली. पत्रिका आली नाही.

न येऊ दे. कार्यक्रम कुठं आहे ते मला ठाऊक आहे. मी जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. बोलू दिलं नाही तर उभी राहून बोलणार आहे, आणि कुणी बस म्हटलं तरी बसणार नाही.