पैलवानांनी तूप सोडलं

पैलवानांच्या घरी चहा मिळत नसे. पेला भरून दूध मिळे, आणि त्यावर तुपाचा तवंग. दिघीला त्यांच्या चाळीत मी खोली बघायला गेलो, तेव्हा भाड्याचा विषय निघायच्या आधीच तो पेला माझ्या हातात आला. "हे संपवा, मग बोलू. अंगात काय न्हाई तुमच्या," ते म्हणाले. मी लातूरकडचा, चाकणच्या कंपनीत नुकताच लागलेला, आणि अंगात खरंच काही नव्हतं.

त्यांना नाव होतं, पण ते लाइटबिलावर. बायकोसुद्धा 'आमचे पैलवान' म्हणे. कान मोडलेले, मान खांद्यांत बुडालेली आणि पोट मालकाच्या आधी दारातून आत येणारं. कुस्ती सुटून जमाना झाला होता, खाणं सुटलं नव्हतं. शेत जाऊन तिथे चाळ उभी राहिली, तेव्हापासून आम्ही भाडेकरू हीच त्यांची तालीम. शिफ्टवरून येऊन कुणी उपाशी झोपला असं कळलं, की दुसऱ्या दिवशी त्याची बिनपाण्यानं व्हायची. "कंपनी रगात पिती, तुमी निदान दूध तरी प्या." दारूला मात्र ते शिवत नसत. चाळीत बाटली सापडली, तर बाटलीसकट माणूस रस्त्यावर.

एकदा पोटात जड वाटतं म्हणून मुलीनं त्यांना सोनोग्राफीला नेलं. फॅटी लिव्हर निघालं. आमच्या कंपनीच्या तपासणीत निम्म्या कामगारांना हेच निघतं, त्यामुळे चाळीत कुणी फारसं मनावर घेतलं नाही. एवढ्या तुपानंतर दुसरं काय निघणार? डॉक्टरांनीही तेच म्हटलं. तूप बंद करा आणि चाला.

पैलवानांनी तूप सोडलं ते एखाद्यानं व्रत धरावं तसं. आमच्या भातावर स्वतःच्या हातानं वाढायचे आणि आपण कोरडी भाकरी घेऊन बसायचे. "वास घेऊ द्या की राव, वासानं चरबी चढत न्हाई." सकाळी लष्कराच्या भिंतीकडेनं भोसरीपर्यंत चालत जात. पोट उतरलं, गाल उतरले, दंड उतरले. आम्ही सगळ्यांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. त्यांनी खूश होऊन सगळे शर्ट शिंप्याकडून आवळून आणले. त्या शर्टांची आठवण आली की मला अजून अन्न गोड लागत नाही.

मग पाय सुजले, डोळे पिवळे पडले. चिंचवडच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा हिपॅटायटिस सी निघाला. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हा विषाणू कधीकधी स्वतःच लिव्हरमध्ये चरबी साठवतो. चरबी दिसली आणि सगळे तिथेच थांबले, तिच्यामागे कोण बसलंय ते कुणी बघितलं नाही. आता लिव्हर कडक झालं होतं.

रक्त कधी चढवलं होतं का, सुया कुठे घेतल्या, असं त्यांनी विचारलं. पैलवानांना तालीम आठवली. जत्रांच्या हंगामाआधी एक कंपाउंडर ताकदीचं इंजेक्शन द्यायला यायचा. काचेची एक सिरिंज, एक सुई, आणि दंड पुढे करून बसलेली सगळी पोरं. "एका ताटात जेवायचो, एका सुईनं टोचून घ्यायचो," ते मला म्हणाले. "आमाला ते लई भारी वाटायचं."

गोळ्यांनी विषाणू गेला. रिपोर्ट स्वच्छ आला, पण त्यांनी पेढे आणले नाहीत. "जंतू चितपट झाला. पन आखाडाच ऱ्हायला न्हाई," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. त्या सुईचे जे सोबती हयात होते, त्यांनी रक्त तपासून घ्यावं. फोन केले, ते कुणी उचलेनात. पैलवान चोरून पीत होते, अशी गावात कुजबुज सुरू झाली होती. मग सुजलेल्या पायांनी ते माझ्या गाडीवर बसले आणि आम्ही एकेकाचं दार वाजवलं. बबनराव त्यांचे लहानपणापासूनचे जोडीदार. त्यांच्या घरी पैलवानांना पाणी कागदी ग्लासात आलं.

"मला काय झालंय?" बबनराव म्हणाले. "धडधाकट हाय मी."

"मी बी व्हतो," पैलवान म्हणाले. "गोळ्या हायेत आता. येळेत घेतल्या तर वाचशील."

बबनरावांनी क्रिकेटचा विषय काढला. परत येताना पैलवान माझ्या पाठीला टेकून म्हणाले, "मी चाललोय, त्याचं काय न्हाई. त्यांनी मरायची काय गरज हाय?" एकालाही त्यांना तयार करता आलं नाही. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

तेराव्याला बबनराव आले आणि लहान मुलासारखे रडले. जरा वेळानं मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "माझी बी सोनोग्राफी झाली. पैलवानाचं व्हतं तसलं काय न्हाई. नुसती चरबी हाय. रोज चालतोय आता."

"आणि रक्त?"

"पोरीचं लग्न ठरतंय राव. असल्या रोगाचं नाव घरात नको."

मी त्यांचा दंड धरला आणि अंगणातच त्यांना पुन्हा सगळं सांगायला लागलो. त्यांच्या डोळ्यांत पांढरं फारसं राहिलं नव्हतं, पिवळं चढलं होतं. आतून पानं वाढल्याची हाक आली. बबनरावांनी हलकेच दंड सोडवून घेतला आणि ते पंगतीत जाऊन बसले.