दारात तपासून घेतलेला टीव्ही

दुकानात मी बोलत नाही. लग्न झाल्यापासूनची सवय. पातेलं घ्यायचं असो नाहीतर साडी, मी ह्यांच्या मागे उभी राहायचे, शर्टाची बाही हळूच ओढायचे आणि कानात सांगायचे, "तो नको, त्याच्या बाजूचा." मग हे मोठ्या आवाजात दुकानदाराला तेच सांगायचे, जणू त्यांच्याच मनात आलं होतं. ट्रक चालवणाऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो. माझ्या वाटणीचंही तेच बोलायचे आणि माझं काही अडलं नाही.

मग एका गोदामात माल उतरवताना गोणींची थप्पी कोसळून ह्यांच्या डाव्या पायावर आली. पाय वाचला, पण क्लच दाबायचं बळ त्यात राहिलं नाही. ट्रक विकून टाकला. तेव्हापासून हे अंगणाच्या बाहेर पडले नाहीत. आमच्या नाक्यावर सगळे ड्रायव्हर चहाला उभे असतात. त्यांच्यासमोरून काठी टेकत जायचं नाही, एवढंच म्हणाले आणि घरातल्या खुर्चीत बसले ते बसलेच.

आमची मुलगी नवी मुंबईला नोकरी करते. तिथेच राहते, रविवारी येते. बापाची ही गत तिला बघवेना. एका रविवारी ती एक खोकं घेऊन आली. त्यात गेमचा डबा, एक ष्टेरिंग आणि खाली ठेवायचे दोन पायडल. टीव्हीवर ट्रक चालवायचा. क्लच नाही, उजव्या पायाने काम होतं. आधी हे हसले. मग ष्टेरिंग हातात आलं तसे सावरून बसले. बरेच महिन्यांनी मी त्यांची पाठ ताठ बघितली.

पण आमचा टीव्ही जुना. ह्यांनी ष्टेरिंग वळवलं की पडद्यावरचा ट्रक जरा वेळाने वळायचा. पहिल्याच वळणावर गाडी खड्ड्यात गेली. दुसऱ्यांदा झाडावर आपटली. तिसऱ्यांदा ह्यांनी ष्टेरिंग खाली ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

"गाडी माजा ऐकत न्हाय," ते म्हणाले. "पाय गेला तो गेला. आता हातपन गेलं."

"पप्पा, हात नाय गेले तुमचे. टीव्हीच स्लो आहे," मुलगी म्हणाली.

"टीवी कसा स्लो असल? बातम्या बरोबर दिसतान ना?"

तिने पुष्कळ समजावलं. त्यांना ते पटलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी सुपारी कातरायचंही सोडलं. मीच कातरून पुढ्यात ठेवायचे. त्या हातांना काही झालेलं नव्हतं, मला ठाऊक होतं, पण तोंडाने सांगून ते खरं वाटणार नव्हतं. हातांनीच हातांना सांगायला हवं होतं.

मुलीने टीव्हीसाठी पैसे पाठवले आणि नेमकी तिला रविवारचीही सुट्टी मिळेना. "आये, तूच जा अलिबागला," ती फोनवर म्हणाली. "दुकानात सांग, गेमसाठी पाहिजे. गेम मोड हाय का विचार, त्याने टीव्हीचा उशीर जातो. आणि चित्र भरभर हललं तरी फाटता कामा नये."

"मी? मी दुकानात बोलू?"

"मग कोण बोलणार? पप्पा येणार हायत का?"

हे ऐकत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तेव्हा मी ठरवलं.

भिंतीला सुतळी लावली, देव्हाऱ्यापासून खिडकीपर्यंत, आणि जेवढी जागा होती तिथे गाठ मारली. हे किती लांबून बघतात ते कळावं म्हणून ह्यांच्या खुर्चीपासून भिंतीपर्यंतही सुतळी धरून दुसरी गाठ मारली. मग गेमचा डबा, पायडल आणि ष्टेरिंग एका पिशवीत भरलं. ष्टेरिंग काही केल्या पिशवीत मावेना, अर्धं बाहेरच राहिलं. तशीच मिनीडोअरमध्ये, आमच्याकडच्या सहा सीटच्या रिक्षात, बसले.

"मावशी, गाडी कुठं ठेवलीस? नुसता ष्टेरिंगच घेऊन चाललीस!" समोरचा माणूस म्हणाला. सगळी मिनीडोअर हसली.

माझ्या बाजूला मासळीवाली बसली होती. ती म्हणाली, "बरोबर केलास बाय. घरधन्याच्या हातात र्‍हायला तर तो पलून जाईल." पुन्हा हसणं. मी पदर तोंडाला लावला, पण खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं.

दुकान मोठं, आत थंडगार आणि अंधारलेलं. भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच चित्र, लाल पोपट आणि निळं पाणी. डोळे दिपून जावेत असे रंग. मालक गुजराती, वयाने ह्यांच्याएवढे. "आवो भाभी, बोला," म्हणाले. मी सवयीने बाजूला हात नेला, बाही ओढायला. तिथे कोणी नव्हतं.

"टीव्ही," मी म्हणाले.

"हा, टीव्हीच आहेत सगळे," ते हसले. मग सर्वांत मोठ्या टीव्हीसमोर मला नेलं. "हा जुओ, बघा. फोर के आहे. घरात थेटर होऊन जाईल."

मी सुतळी काढली. मालकांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्वतःच एक टोक धरलं. तो टीव्ही पहिल्या गाठीच्या बराच पुढे गेला. "आमचा देव झाकला जाईल," मी म्हणाले. दुकानात बोललेलं माझं ते पहिलं सबंध वाक्य.

मग त्यांनी गाठीत बसणारे तीन दाखवले. तिन्ही सुंदर दिसत होते. तेव्हा माझ्या मनात आलं, मासळी घेताना आपण टोपलीतल्या सावलीत बघून घेतो का? उजेडात धरतो, कल्ला उघडून बघतो. आमच्या घराचं दार पश्चिमेला, खाडीकडे तोंड करून. दिवेलागणीच्या तोंडाला ऊन सरळ आत येतं, टीव्हीच्या भिंतीपर्यंत. आणि दिवेलागणीला आम्ही दार लावत नाही. त्या वेळी लक्ष्मी येते, तिच्या तोंडावर दार कोण लावणार? ह्यांच्या जिवाला सगळ्यांत जड जाणारी वेळही तीच. पूर्वी त्या वेळेला ट्रक घेऊन निघायचे.

"हा जरा दारात घ्या," मी म्हणाले.

"दारात?"

"दारात. उन्हात."

"भाभी, टीव्ही कोणी उन्हात बघतो का?"

"आम्ही बघतो," मी म्हणाले. "दिवेलागणीला आमचं दार उघडं असतं."

"पडदा लावायचा ने."

"पडदा लावला तर लक्ष्मीला दार उघडं आहे हे कसं कळेल?"

मालकांनी मान हलवली. "ते खरं. आमच्या घरातपण संध्याकाळी बंद नाय करत." आणि त्यांनी आतल्या माणसांना हाक मारून टेबल दारात ओढायला लावलं.

पहिला टीव्ही उन्हात आला आणि त्याचा पोपट नाहीसा झाला. त्याच्या जागी रस्ता दिसू लागला, समोरची रिक्षा दिसू लागली आणि मी दिसू लागले, पिशवी धरून उभी. आरसाच तो. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात चित्र थोडं फिकं झालं, पण दिसत राहिलं. वरची काच चकचकीत नव्हती, एवढाच फरक.

मग मी पिशवीतून गेमचा डबा काढला आणि ष्टेरिंग टेबलाला लावलं. तोपर्यंत रस्त्यावरची माणसं थांबायला लागली होती. दुकानात आलेली गिऱ्हाइकंही पोपट सोडून दाराशी आली. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकदा वाटलं, पिशवी उचलावी आणि घरी जावं. पण घरी गेले असते तर ह्यांच्या हातांवरचा ठपका तसाच राहिला असता. मी स्टुलावर बसले आणि पायडलवर पाय ठेवला.

मला गाडी चालवता येत नाही. पण सूप येतं. तांदूळ पाखडताना हात हलला की दाणा त्याच क्षणाला उडतो. हात आधी आणि दाणा मागाहून, असं कधी होत नाही. मला तेवढंच बघायचं होतं. दुसऱ्या टीव्हीवर मी ष्टेरिंग झटक्याने डावीकडे नेलं. ट्रक मागाहून वळला. आमच्या घरच्यासारखाच.

"ह्याचा दाणा उशिरा उडतो," मी म्हणाले. कोणाला काही कळलं नाही, पण मला कळलं होतं.

तिसरा लावला. तोही उशीर करू लागला. मग मुलीचा शब्द आठवला. "गेम मोड हाय का?" मी विचारलं.

"अरे हा! ते तर चालू करायचंच राहिलं," मालक म्हणाले. त्यांनी रिमोट घेऊन काही दाबलं. पडद्यावरचे भडक रंग साधे झाले. मी ष्टेरिंग वळवलं आणि ट्रक वळला. हाताबरोबर. उजवीकडे नेलं, उजवीकडे. डावीकडे, डावीकडे. मी पायडल दाबला.

"मावशी, ब्रेक!" रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं.

"ब्रेक कोणता?"

"डावा, डावा!"

ट्रक जाऊन खांबावर आदळला. सगळे हसले, मीही हसले, भर रस्त्याच्या तोंडाशी आणि पदर तोंडाला न लावता. मग मालकांना म्हणाले, "दुसऱ्यालाही तो मोड लावून बघा." त्यांनी लावला. सुधारला, पण सुपासारखा नाही. पुन्हा तिसरा बघितला.

"हा द्या," मी म्हणाले.

"भाभी, असा टीव्ही आजपर्यंत कोणी नाय घेतला माझ्याकडून," मालक म्हणाले. "घासाघीस नाय करणार?"

"करणार तर," मी म्हणाले, आणि केली. ह्यांच्यासारखी जमली नाही, पण बसवायला येणाऱ्या माणसाची मजुरी मी सोडवून घेतली.

टीव्ही दुसऱ्या दिवशी टेम्पोने आला. बसवून झाला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी देवापुढे दिवा लावला, दार उघडं ठेवलं. खाडीवरचं ऊन भिंतीवर आलं आणि चित्र तसंच दिसत राहिलं. हे खुर्चीत होते, टीव्हीकडे पाठ करून.

मी ष्टेरिंग त्यांच्यासमोर धरलं.

"नको. माजा ऐकत न्हाय ती."

एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी म्हणाले, "बरं. मग मी चालवते."

मी पाटावर बसले आणि ट्रक सुरू केला. गेममधला रस्ता परदेशातला, सगळं उलट्या बाजूने. मी सरळ समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये घुसले. हे आधी नुसते ऐकत होते. मग खुर्ची करकरली. मग काठी वाजली.

"अगं, बाजू! बाजू धर!"

"कोणती?"

"पुढं ट्रेलर हाय, दिसत न्हाय तुला? अगं कलंडवशील! लोकाचा माल हाय त्यात!"

"मग काय करू?"

"सरक, सरक तिकडं." आणि ष्टेरिंग माझ्या हातातून गेलं.

ह्यांनी खुर्ची वळवून घेतली, मी पायडल त्यांच्या पायाशी सरकवले. एक वळण घेतलं. ट्रक वळला, बरोबर त्यांच्या हाताबरोबर. ते थांबले. ष्टेरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे करून बघितलं. हातांकडे बघितलं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकावी तसे मागे रेलले आणि चालवू लागले. आता समोर घाट होता. एकाही वळणावर चाक पांढऱ्या पट्टीवर गेलं नाही.

दार उघडं होतं. नाक्यावरून घरी जाणारे दोन ड्रायव्हर आवाज ऐकून अंगणात आले, मग ओट्यावर, मग उंबऱ्यात. "दादा, कुठला माल हाय?" एकाने विचारलं.

"न्हाय म्हाईत. उलट्या देशातला हाय," हे म्हणाले. नजर रस्त्यावरच. "तुला सांगतंय, हिने ह्यो टीवी दुकानाच्या दारात काढून तपासून आणला. भर उन्हात."

शेवटी गोदाम आलं. लांबलचक ट्रेलर, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत मागे घ्यायचा. उंबऱ्यातले दोघे आत झुकले. "दादा, हे नाय जमत कुणाला," एक म्हणाला. "माझा पोरगा रोज ठोकतो."

ह्यांनी ट्रक थोडा पुढे घेतला, ष्टेरिंग टोकापर्यंत मोडून धरलं, आणि रिव्हर्स घेताना आयुष्यभर वळवायचे तशी मान मागे वळवली. मागे ट्रेलर नव्हता, मी उभी होते. आमची नजर भेटली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही, पण ते मी ओळखलं. मी हात वर केला, आणि त्या दोन परक्या माणसांसमोर, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात क्लीनरसारखी ओरडले:

"येऊ द्या! येऊ द्या! अजून येऊ द्या! बास!"

ट्रेलर फटीत बसला. घासलासुद्धा नाही.