राख करणाऱ्यांचं आडनाव

त्यांचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. जगात ते इतक्या कमी माणसांचं आहे की नुसतं आडनाव लिहिलं तरी थेट त्यांच्या दारावर बोट ठेवल्यासारखं होईल. पोलिश आहे, त्यात एका ठिकाणी लागोपाठ चार व्यंजनं येतात, आणि ते मला नीट म्हणता यायला दोन वर्षं लागली. एवढं सांगितलं तरी पुरे.

डब्लिनजवळच्या ओंगारमध्ये आमच्या घराला लागूनच त्यांचं घर आहे. ते सुतार. वय साठीच्या पुढे, बायको जाऊन काही वर्षं झालेली, एकुलती एक लेक कॉर्कला नर्स. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसचं दार निखळलं होतं (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते), ते त्यांनी न सांगता येऊन बसवून दिलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात ते सुतारकाका झाले. त्यांना हे माहीत नाही. त्यांच्याशी आम्ही इंग्रजीतच बोलतो, त्यांचं पोलिश वळणाचं, आमचं पुणेरी.

पहिल्याच चहाला मी त्यांना विचारलं, "तुमचं आडनाव मूळ कुठलं?" नवऱ्याने डोळे वटारले. पण ही माझी खोडच आहे. कुणीही भेटलं की आडनाव, मग मूळ गाव, मग तिथले अमके तुमचे कोण, हे विचारल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. सुतारकाका मात्र खुलले. मला घरी नेऊन त्यांनी जिन्याजवळ टांगलेली एक ढाल दाखवली. लाकडी, वर गरुड, खाली दोन तलवारी. त्यांचे पूर्वज उमराव होते म्हणे, राजाच्या घोडदळात होते. ढाल कुठून मिळाली विचारलं तर म्हणाले, पोलंडमधल्या क्रॅकोच्या बाजारातून. मी जीभ चावली. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ज्याला विचारावं त्याचा खापरपणजोबा सरदारच निघतो, मग घोड्याचा खरारा करणारे कोण होते कोण जाणे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लेकीचं लग्न ठरलं. मुलगा कॉर्कचाच, आयरिश, सालस. सुतारकाका दोन आठवडे खुशीत होते आणि मग एकदम गप्प झाले. काही दिवसांनी कुंपणाशी उभे राहून त्यांनी मला सांगितलं की लेक लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावणार आहे. तिचं म्हणणं साधं होतं. डब्लिनच्या शाळेत पहिल्या दिवसापासून आजपर्यंत तिने ते आडनाव लोकांना एकेक अक्षर सुटं करून सांगितलं होतं, आता तिला कंटाळा आला होता. सुतारकाका म्हणाले, "माझा भाऊ बिनलग्नाचा गेला. आमच्यात आता कुणी नाही. माझ्यानंतर ते संपलं." आणि मग खाली बघत म्हणाले, "मी त्या लग्नाला जाणार नाही."

मला रागच आला. अहो, पोरीचं लग्न, आणि हा माणूस आडनावाचं सुतक धरून बसलाय. पण चेहरा बघितला आणि माझा राग ओसरला. मी म्हटलं, "तुम्हाला काय ठाऊक, संपलं म्हणून? जगात आणखी कुणी असेल." ते म्हणाले, "शोधून दे. एक जरी तरुण माणूस दाखवलास ना, हे नाव पुढे नेणारा, तर मी जाईन. हसत जाईन." लग्नाला अडीच महिने होते.

आता मी काय करते ते सांगायला हवं. मी एका औषधांच्या कारखान्यात कागद तपासते. कुणी कधी काय केलं, त्याची नोंद आहे का, सही आहे का, हे बघणं हे माझं काम. आमच्याकडे जे कागदावर नाही ते झालंच नाही असं धरतात. शिवाय मला या विषयाचा जुना अनुभव होता. मी अकरावीत असताना माझ्या वडिलांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायला घेतला होता. गावोगावच्या आमच्या आडनावाच्या लोकांना जोडकार्डं पाठवायची, उलट आलेल्या माहितीवरून वंशवृक्ष मांडायचा, ही सगळी कारकुनी माझ्याकडे होती. त्यामुळे सुतारकाकांचं काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं.

आडनाव टाकलं की नकाशावर ठिपके दाखवणाऱ्या साइट्स असतात. मी टाकलं. ठिपके इतके थोडे की मला आधी वाटलं नेट गेलंय. पोलंडच्या पश्चिमेला, सुतारकाकांच्या जन्मगावी, एक फिकट ठिपका. तो बहुतेक त्यांच्या गेलेल्या भावाचा. एक अमेरिकेत, एक ब्राझीलमध्ये. आयर्लंडमध्ये दोन, म्हणजे सुतारकाका आणि त्यांची लेक. आणि खरा गडद डाग पार दुसऱ्या टोकाला, आग्नेयेच्या डोंगरांत एका खेड्यावर. मी त्यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "तिथे आमचं कुणी नाही." मग त्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "आजी कधीकधी डोंगराबद्दल बोलायची." दुसरं महायुद्ध संपल्यावर सरहद्दी सरकल्या, माणसं गाड्यांत भरून पूर्वेकडून पश्चिमेला नेली गेली, आणि नव्या घरात जुन्याबद्दल बोलायचं नाही असा त्यांच्या घरात रिवाज पडला होता.

मी पत्रं पाठवली. सुतारकाकांकडून पोलिश लिहून घ्यायचं, पत्ता शोधायचा, पोस्टात टाकायचं. नवरा म्हणायचा, "तू हात धुऊन त्यांच्या पूर्वजांच्या मागे लागली आहेस." खरंच लागले होते. अमेरिकेतून शेजाऱ्याने कळवलं की ते गृहस्थ वारले, मूलबाळ नव्हतं. ब्राझीलमधून काही आलंच नाही. डोंगरातल्या खेड्यातून मात्र एका निवृत्त शिक्षिकाबाईंची इंग्रजीतली लांबलचक ईमेल आली. बाई ऐंशीच्या पुढच्या, अविवाहित. सुतारकाकांचे आजोबा त्याच गावातून पश्चिमेला नेले गेले, हे त्यांना ठाऊक होतं. गावात या नावाची आता त्या आणि त्यांचे दोन म्हातारे चुलतभाऊ, एवढीच माणसं. तरुण कुणी नाही.

नावाचा उगमही त्यांनी कळवला. तिथल्या जंगलात पूर्वी लाकडं जाळून राख करायची, ती राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून क्षार काढायचा आणि तो काचेच्या भट्ट्यांना विकायचा, असा धंदा होता. हे आडनाव त्या राख करणाऱ्यांचं. घोडदळ नाही, उमराव नाही, हातपाय काळे झालेले जंगलातले मजूर. मी घाबरत घाबरतच हे सुतारकाकांना वाचून दाखवलं. ते जिन्याजवळच्या ढालीकडे बघत म्हणाले, "म्हणजे लाकूड पहिल्यापासूनच आहे." त्यांना ते बरं वाटलेलं दिसलं. पण मूळ प्रश्न तसाच होता. तरुण माणूस सापडला नव्हता आणि लग्न महिन्यावर आलं होतं.

निदान हातात काहीतरी द्यावं म्हणून मी बाईंच्या माहितीवरून वंशवृक्ष काढला. मोठ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, अगदी आमच्या कुलवृत्तांताच्या पद्धतीने. मुलगे ठळक, त्यांच्याखाली त्यांचे वंशज. मुली एका बाजूला, नाव आणि कंसात दिल्या घरचं आडनाव, आणि खाली आडवी रेघ. रेघ म्हणजे ही शाखा इथे थांबली. अकरावीतल्या मुलीने शेकड्याने मारलेल्या रेघा, हाताला वळणच पडलेलं. सगळ्यात शेवटी सुतारकाका, त्यांच्याखाली लेक, कंसात होऊ घातलेलं आयरिश आडनाव, खाली रेघ. त्यांनी कागद घेतला, बघितला, आभार मानले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, छान झालं.

त्या शनिवारी लेक बापाला समजवायला आली होती. ती तो कागद घेऊन सरळ माझ्या दारात. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही रेघ कसली?" मी समजावून सांगायला लागले. माझं बोलणं अर्ध्यावर येईपर्यंत मलाच ते ऐकवेना. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही मला इथे संपवलंत. मी तर अजून लग्नही केलं नाही. डॅड तीन दिवस हा कागद समोर घेऊन बसलाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मदत करायला गेले आणि त्या माणसाच्या दुःखावर शिक्का मारून आले. तिला चहा दिला, तो ती प्यायली नाही. माफी मागितली, ती तिने "यू'र ग्रँड", असू दे, म्हणत घेतली, म्हणजे घेतली नाही.

चूक झाली की आधी पूर्ण तपासणी करायची ही आमच्या कामाची शिस्त. मी कागदाचा फोटो बाईंना पाठवला आणि लिहिलं की मुलींच्या शाखा मी वगळल्या आहेत, त्या कळवाव्यात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी शिक्षिकेच्या थाटात माझी चूक काढली होती. वरून चौथ्या पिढीत मी ज्याला मुलगा म्हणून ठळक केलं होतं तो मुलगा नव्हताच. त्या घरात एकच मुलगी होती. तो दुसऱ्या खोऱ्यातून कामाला आलेला, तिच्याशी लग्न करून त्या घरात राहिलेला जावई. घर आणि जमीन तिची, म्हणून गावाने त्याला तिच्या घराच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली आणि चर्चच्या वहीतही तेच चढलं. बाईंनी ते सगळं मला पहिल्याच ईमेलमध्ये लिहिलं होतं. मी मुलीची ओळ सोडून पुढे गेले होते.

मी नवा कागद काढला. एकही रेघ मारली नाही. तो घेऊन गेले तेव्हा सुतारकाका मागच्या शेडमध्ये रंधा मारत होते. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"म्हणजे आम्ही सगळे त्या बाईचे," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्या माणसाचं स्वतःचं आडनाव काय होतं?"

मी हे बाईंना आधीच विचारलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं. वहीत नव्हतं, गावात कुणाच्या तोंडी नव्हतं. मी तसं सांगितलं.

त्यांनी बाकावरचे लाकडाचे ढलपे हाताने एका बाजूला सारले. मग म्हणाले, "माझं खरं नाव गेलं. कधी गेलं ते कळलंही नाही. कुणी रडलं नाही." आणि स्वतःच्या हातांकडे, उलटेपालटे करून, असं बघत राहिले की मला तिथे उभं राहणं बरोबर वाटेना. मी घरी आले.

ते लग्नाला गेले. आम्हीही गेलो होतो. नव्या सुटात ते अवघडून उभे होते, लेकीचा हात धरून चालले, जावयाशी हात मिळवला. सगळं रीतसर. पण नव्या आडनावाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. भाषणात कुणीतरी लेकीचा उल्लेख नव्या आडनावाने केला, टाळ्या पडल्या, आणि सुतारकाका पाण्याच्या ग्लासात बघत बसले. लेकीने ते बघितलं. ती माझ्याशी बोलत होती, पण लक्ष सगळं बापाकडे होतं. परतीच्या वाटेवर मी नवऱ्याला म्हटलं, "आले खरे, पण मनातून नाही आले." तो म्हणाला, "आता तरी त्यांच्या मनात नाक खुपसू नकोस."

महिन्याभराने सुतारकाकांनी विचारलं, कॉर्कला येशील का, लेकीसाठी जेवणाचं टेबल केलंय, उतरवायला हात हवेत. ओकचं टेबल, आठ माणसांचं, चादरीत गुंडाळलेलं. मी आणि ते त्यांच्या व्हॅनमधून गेलो. वाटेत ते पावसाबद्दल आणि लाकडाच्या भावाबद्दल बोलले.

लेकीचं घर छोटं, दार अरुंद. जावई कामावर होता. सुतारकाका गाडी नीट लावून यायला गेले तेवढ्यात मी आणि लेकीने ते टेबल आडवं करून आत घेतलं आणि पायांवर उभं करताना तिला खालच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं दिसलं. ती फरशीवर उताणी झाली आणि टेबलाखाली सरकली. मी वाकून बघितलं. सुताराची जाड पेन्सिल, त्यांचं ठसठशीत अक्षर. लेकीचं नाव, आणि पुढे जावयाचं आडनाव. त्यांनी तोंडाने एकदाही न उच्चारलेलं. त्याखाली लिहिलं होतं, "हिच्या घरासाठी."

बाहेर व्हॅनचं दार लागल्याचा आवाज आला. ते आत आले, टेबलाखालून बाहेर आलेले लेकीचे पाय बघून थबकले, आणि माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाले, "पाय डगमगतोय का कुठला?"

ती आतूनच म्हणाली, "नाही, डॅड." पण ती बाहेर आली नाही. मग तेही गुडघे टेकत, हाश्शहुश्श करत खाली बसले आणि तिच्या शेजारी आडवे झाले. मी चहा करायला गेले. त्या घरात कुठल्या प्रेसमध्ये काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि शोधायला जितका वेळ लागेल तितका मी लावला.