आतून मोजलेली रिम

वहिनींनी दिरावर डूख धरला आहे, हे गावातल्या सगळ्या सायकलवाल्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दिराला. त्याचा हिशेब सरळ होता: नवरा गेलेली बाई, चार दिवस रडेल आणि गप्प बसेल. वहिनी लोकांपुढे रडल्या नाहीत. गप्प बसल्या, पण त्याचं कारण वेगळं होतं.

दुकान दोघा भावांचं. थोरला चाकं बांधायचा, धाकटा गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवायचा. लग्नानंतर वहिनीही चाकं बांधायला शिकल्या आणि पाहता पाहता नवऱ्याच्या पुढे गेल्या. हे तोच कौतुकाने सांगत फिरायचा. चाकातला आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला त्याने स्वतः वेल्डिंग करून एक जड लोखंडी स्टँड बनवला होता. चाक त्यात अडकवून फिरवायचं, कुठे लचकतंय ते बघायचं आणि स्पोक आवळायचे. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. त्यांचा निम्मा संसार त्या फिरत्या चाकातून एकमेकांकडे बघण्यात झाला.

नवरा गेला आणि महिन्याभरात दिराने दुकानाचं कुलूप बदललं. वहिनींनी फक्त स्टँड मागितला.

"तो दुकानाचा आहे, वहिनी. आणि तुम्हाला आता कशाला हवा? आराम करा."

स्टँड त्याने दर्शनी काचेमागे शोभेला मांडला आणि त्यावर एक कुंडी ठेवली.

वहिनींनी घरातल्या पुढच्या खोलीत काम सुरू केलं. मोडक्या सायकलचा पुढचा चिमटा उलटा आवळून त्यात त्या चाकं सरळ करायच्या. बाजारात जाता-येता काचेमागची कुंडी दिसायची. 'बघून घेईन' असं त्या कधी कुणाला म्हणाल्या नाहीत. बघत मात्र राहिल्या.

दिराची एक जुनी खोड होती. रिमची रुंदी तो बाहेरून मोजायचा. टायर धरून ठेवतात त्या रिमच्या आतल्या दोन भिंती, तेव्हा मोजायचं ते आतून. हे थोरल्याने सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. साध्या सायकलींना ते खपून गेलं. डोंगरात चालवायच्या सायकली आल्या, त्यांची जाडजूड टायरं आली, तेव्हा खपेनासं झालं. अरुंद रिमवर जाड टायर चढवलं की ते बल्बसारखं फुगतं. दिसतं दांडगं, पण हवा कमी असेल तर वळणावर कडेला लवंडतं. रुंद रिमवर बारीक टायर चढवलं तर ते चपटं बसतं आणि दगडाचा मार थेट रिमला लागतो. वहिनी म्हणायच्या, ही जोडी नवरा-बायकोसारखी बघावी लागते, नुसती उंची बघून भागत नाही.

एका रविवारी टेकडीच्या पायथ्याशी सायकलवाले जमले होते. वहिनी लेकीला घेऊन एकाचं चाक पोचवायला आल्या होत्या. दिराने नवी सायकल आणली होती. टायर असं की म्हशीची मान.

"चाकं मी स्वतः जुळवलीत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दादाला हे कधी जमलं नाही. बिचारा स्पोक आवळत राहिला जन्मभर."

वहिनींनी एकवार टायरकडे पाहिलं.

"भाऊजी, रिम मोजून घेतलीत?"

"टायर-रिमच्या तक्त्यात बघून, मोजून."

"तुम्ही मोजलीत?"

"नाही, शेजाऱ्यांनी."

सगळे हसले. वहिनीही हसल्या, मनापासून. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

"मग पैज लावू. या उतारावरून तुम्ही स्वतः खाली या. टायर जागेवर राहिलं, तर उद्यापासून तुमच्या दुकानात चाकं बांधायला येते."

दिराचे डोळे चमकले. वहिनींच्या हातचं चाक मागणारी गिऱ्हाइकं रोज दारातून परत जात होती.

"आणि नाही राहिलं तर?"

"स्टँड माझा. सुरुवात त्या गवताच्या वळणाच्या वरून करा."

लेक कुजबुजली, "आई, काका पडला तर?"

"पडणारच आहे. म्हणून तर गवताचं वळण सांगितलं."

"म्हणजे काळजी आहे तुला."

"हाड मोडलं तर लोक फळं घेऊन भेटायला जातात. ते सुख मला त्याला द्यायचं नाही."

वर जायच्या आधी दिराने ऐटीत टायरची हवा सोडली. "डोंगरात हवा कमी ठेवायची असते, वहिनी. पकड येते." ते खरं होतं, पण जुळत्या रिमवर. वहिनी एक शब्द बोलल्या असत्या तर तो वाचला असता. सुस्स आवाज बंद होईपर्यंत त्यांनी ऐकला, गाणं ऐकावं तसा.

तो वर गेला आणि उतारावरून निघाला. वळणावर हँडल कललं, मागचं टायर रिमवरून बाजूला लोळलं, फटकन हवा गेली आणि दीर गवतात तोंडघशी पडला. कोपर सोललं, नाकाला माती लागली, बाकी काही नाही. नवऱ्याच्या हयातीत आणि नंतरही वहिनींना इतकं स्वच्छ समाधान क्वचित मिळालं असेल.

त्या शांतपणे चढून गेल्या. पर्समधून कॅलिपर काढलं, त्याच्या डोक्याशेजारीच रिम आतून मोजली आणि कॅलिपर तसंच त्याच्या डोळ्यांपुढे धरलं.

"तुमचे दादा हेच सांगायचे, भाऊजी. आतून."

सायकलवाले भोवती जमले होते. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

"हात द्या, वहिनी," दीर पुटपुटला.

वहिनींनी हात पुढे केला. त्याने धरायला आपला हात उचलला, तर त्यांचा तळवा वर होता.

"किल्ली."

गवतात पडल्या पडल्याच त्याने खिसा चाचपला.

दुकान उघडून वहिनींनी कुंडी दाराबाहेर ठेवली, तिला पाणी घातलं आणि मायलेकींनी स्टँड उचलून रिक्षात चढवला. कुलूप लावून वहिनींनी किल्ली पदराला बांधली.

"ती तरी परत देऊया ना?" लेक म्हणाली.

"देऊ की," वहिनी म्हणाल्या. "मागायला येऊ दे."