दोहसूनचे हात

अकुलिनाच्या हातमोज्यांना आमच्या गावात तोड नव्हती. बाहेरून घोड्याच्या पायाचं केसाळ कातडं, आतून सशाची लव, आणि शिवण जनावराच्या स्नायूतून काढलेल्या तातीची. चार बोटं एका घरात, अंगठ्याची खोली वेगळी. उणे पन्नास अंशांच्या थंडीत इंदिगिर्का नदीवर बर्फाच्या लाद्या कापणारी माणसं तिचेच हातमोजे घालत. नवरा गेल्यावर याच शिवणकामावर तिने एकुलता पोरगा वाढवला. दोहसून त्याचं नाव. पोरगा ट्रक चालवायला लागला, आणि दोघांचा वाद सुरू झाला.

“आई, या पोटल्यांत हात घालून पाना धरता येतो का?” तो म्हणायचा.

“पाना नाही धरता येत, पण हात हातात राहतो.”

त्याला कुन्नेईने पाच बोटांचे, काळ्या चामड्याचे पातळ हातमोजे दिले होते. कुन्नेई शाळेत शिकवायची. उन्हाळ्यात दोघांचं लग्न व्हायचं होतं. ते हातमोजे घालून दोहसून ऐटीत स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा. आईच्या हातमोज्यांची गळ्यात अडकवायची दोरी त्याने कापून टाकली होती. “बालवाडीतला आहे का मी?” अकुलिना चिडली, पण हिवाळ्यातल्या एका खेपेला निघताना तिने दोन्ही जोड त्याच्यासमोर ठेवले. त्याने पातळ हातात चढवले आणि जाड सीटवर टाकले. दोघांचंही मन राखलं.

त्या खेपेला वाटेत एक मोटार बंद पडलेली दिसली. आत एक बाई होती आणि तिचं तान्हं मूल. बाईचे हात लाकडासारखे झाले होते. दोहसूनने दोघांना ट्रकमध्ये घेतलं आणि आईचे हातमोजे बाईच्या हातात चढवले. पुढच्या वस्तीवर एका घराच्या दाराशी त्याने तिला उतरवलं. बाई पोराला छातीशी धरून आत पळाली. हातमोजे तिच्याच हातात राहिले, आणि परत मागायचं याला सुचलं नाही.

त्यापुढे, जिथे मैलोन्‌मैल धुराडं दिसत नाही अशा ठिकाणी, डिझेलची नळी गोठली आणि इंजिन बंद पडलं. आमच्याकडे हिवाळ्यात इंजिन बंद पडणं म्हणजे काय, ते लहान पोरालाही कळतं. दोहसून खाली उतरून ट्रकखाली शिरला. नळी सोडवताना डिझेल हातांवर सांडलं. पातळ चामडं भिजलं आणि क्षणात कडक झालं. आधी बोटं दुखली, मग दुखायची थांबली. दुखायचं थांबलं, तेव्हा तो घाबरला.

मागून आलेल्या ट्रकवाल्याने त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात पोचवलं. डॉक्टरांनी वाट पाहिली, मग बोटं कापली. उजव्या हाताला एकही बोट उरलं नाही, अंगठासुद्धा नाही. डाव्याला तेवढा अंगठा राहिला.

कुन्नेई भेटायला आली. तिने चमच्याने सूप भरवलं, हनुवटीवर सांडलेलं पुसलं आणि पुसता पुसता रडायला लागली.

“तू जा,” दोहसून म्हणाला.

“मी रडतेय म्हणून?”

“उद्या रडायची थांबशील म्हणून. तेव्हा नुसतं पुसशील. जा.”

तरी ती पुन्हा आली. त्याने भिंतीकडे तोंड केलं ते वळवलंच नाही. पुढे तिने याकुत्स्कच्या शाळेत बदली करून घेतली. गावाने तिला नावं ठेवली. अकुलिनाने ठेवली नाहीत.

पोराला घरी न्यायच्या दिवशी अकुलिना जिल्ह्याच्या दुकानात शिरली. घरी शिवायला वेळ नव्हता आणि वाटेत थंडी होती. दुकानातल्या मुलीने काउंटरवर ढीग मांडला: मेंढीच्या लोकरीचे, कुत्र्याच्या केसांचे विणलेले, रेनडिअरच्या कातड्याचे.

“कुणासाठी हवेत, मावशी?”

“मुलासाठी.”

“हात केवढा आहे त्याचा?”

अकुलिनाने आपला पंजा पुढे केला. “याच्याहून मोठा,” ती म्हणाली. मग हात मागे घेतला. “होता.”

मुलीला कळलं नाही. “त्यालाच आणा ना, घालून बघू दे.”

अकुलिना काही न घेता बाहेर पडली. पोराचे हात आपल्या शालीत गुंडाळून तिने त्याला घरी आणलं.

घरी आल्यावर ती शिवायला बसली. उजव्यासाठी अंगठ्याविना नुसती थैली, मनगटाला रुंद पट्टा. जन्मभर हजारो जोड शिवले असतील, पण अंगठ्याची खोली काढून टाकताना तिची कात्री पुढे जाईना. जोड तयार झाल्यावर दोहसूनने हात पुढे केले.

“ऊब लागते का?”

“लागते.”

“मग जरा अंगणात जाऊन ये. तोंडाला वारं लागू दे.”

तो गेला. ती मागच्या खोलीत पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाची लादी फोडून पिंपात टाकत होती. त्या ठोक्यांत तिला दुसरं काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने आठवण होऊन तिने दार उघडलं, तर तो उंबऱ्याशीच उभा. पापण्या पांढऱ्या, गाल पांढरे. दाराची कडी त्याला ओढता आली नव्हती.

“अरे, हाक का नाही मारलीस?”

“मारणार होतो,” दोहसून म्हणाला. “मग वाटलं, कशाला?”

तिने त्याला आत ओढलं, गाल चोळले, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी कडी काढून तिथे कातड्याचा मोठा फास लावला. कोपर घातलं की दार उघडेल असा. दोहसूनने तिला तो लावताना पाहिलं, पण कोपर घालून बघायला उठला नाही.

बर्फ वितळला, नदीवरचं गोठलेलं कवच फुटलं, गावातले ट्रक धुऊन निघाले. तो खिडकीशी बसून असायचा. एकदा त्याने विचारलं, “आई, तू गेल्यावर मला घास कोण भरवणार?”

“आधी हा तर खा,” अकुलिना म्हणाली आणि मासळीचा काटा काढून घास त्याच्या तोंडाशी नेला. तिच्या पुढ्यातलं तसंच थंड झालं.